स्पिरिटच्या वाटीतल्या सुया

बोरी नदीच्या काठी, धुळे आणि पारोळ्याच्या मधे असलेल्या त्या गावात सुलक्षणाला तिच्या नावानं हाक मारणारी माणसं थोडी. सरकारी आशा सेविका म्हणून बाकी सगळ्यांची ती आशाताई. बाळंतीण दवाखान्यात पोहोचवायची असो, पोरांना डोस पाजायचे असोत, कुणाची बीपीची गोळी संपलेली असो, गाव आधी तिच्या दारात यायचं. आवाज खणखणीत, चाल भरभर, आणि बोलणं असं की समोरच्यानं मान खाली घालूनच ऐकावं. "ताप आल्यावर दोन दिवस घरात का ठेवलं? मी काय मेले होते?" असं ती सासूसमोर सुनेला आणि सुनेसमोर सासूला विचारायची. तिचा राग कुणी धरत नसे, कारण रागावून झालं की तीच रिक्षा बोलवायची.

सुईच्या बाबतीत तर ती फारच कडक. लसीकरणाच्या दिवशी सिस्टरच्या बाजूला उभी राहून प्रत्येक आईला पाकीट दाखवायची. "बघून घे. बंद आहे ना? तुझ्यासमोर फोडणार." काही वर्षांपूर्वी मोटरसायकलवर एक माणूस गावात यायचा आणि कणकणी, अंगदुखी, कशावरही इंजेक्शन टोचून जायचा. बापाला टोचलेली सुई तो लेकाला टोचतोय हे सुलक्षणानं पाहिलं आणि मारुतीच्या पाराजवळ भर लोकांत त्याला उभं करून विचारलं. तो पुन्हा गावात फिरकला नाही. शेजारच्या झुलाल आबांनी त्या वेळी सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली होती. आबा कमी बोलणारे, त्यांनी पाठ थोपटली म्हणजे गावानं थोपटली.

अशा बाईचा उजवा खांदा चाळिशी ओलांडल्यावर धरला. आधी नुसता ठणका होता. मग हात खांद्याच्या वर जाईना. मग मागे जाईना. वेणी घालता येईना, फळीवरचा डबा काढता येईना. ब्लाउजचे हूक पुढे होते म्हणून तेवढं निभावलं, पण पदर खांद्यावर टाकायला नवऱ्याला हाक मारावी लागायची. समाधान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, सकाळी लवकर निघायचा. तो काही न बोलता पदर नीट करून द्यायचा आणि तेच तिला सोसायचं नाही. तो गेल्यावर ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहायची.

ती धुळ्याला सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला, म्हणाले, "खांदा आखडलाय. शुगर कधी तपासली होती?"

तिनं स्वतःची शुगर कधीच तपासली नव्हती. तपासली, तेव्हा चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की शुगर असली की खांदा असा धरतो, घाबरायचं काही नाही. गोळी रोज घ्यायची, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम रोज करायचा. खांदा मोकळा होतो, पण वेळ घेतो. वर्षही लागू शकतं.

गावात बायकांना जमवून "शुगर लपवू नका, त्यात लाजायचं काय" असं सांगणारी सुलक्षणा घरी आली आणि तिनं गोळ्यांची पट्टी तुरीच्या डाळीत खुपसून ठेवली. समाधानलाही सांगितलं नाही. आशाताईलाच शुगर, आणि तिला पत्ताच नाही, असं गाव म्हणेल, हे तिच्या डोक्यात बसलं. गोळी आठवली तर ती घ्यायची. व्यायाम करताना डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून तो हळूहळू सुटला.

पुढे कुणीतरी मोबाइलवर एक जाहिरात पाठवली. धुळ्यात, बस स्टँडपासून जवळच, सुयांनी उपचार होतात. औषध नाही, ऑपरेशन नाही, खांदा, गुडघा, कंबर, मणका सगळं मोकळं होतं. ॲक्युपंक्चर हे नाव तिनं ऐकलेलं होतं. शिकलेले लोक ते करतात, दवाखान्यांतसुद्धा होतं, हेही माहीत होतं. एका मंगळवारी आरोग्य केंद्रात मीटिंग आहे असं घरी सांगून ती धुळ्याच्या बसमध्ये बसली.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती. पडद्यापलीकडे दोन बाकडी, आणि गोड बोलणारा लीलाधर नावाचा पन्नाशीचा माणूस. त्यानं हात धरून पाहिला, कुठे दुखतं ते विचारलं. पुढचं काही विचारलं नाही. शुगर आहे का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, सकाळी खाल्लंय का, कशाचीच चौकशी नाही. फक्त सहज म्हणाला, "ताई, काय करता तुम्ही?"

"काही नाही," सुलक्षणा म्हणाली. "घरीच असते. शेतात जाते."

मग तो वळला आणि टेबलावरच्या स्टीलच्या वाटीतून सुया उचलायला लागला. वाटीत कापूस होता, त्यावर स्पिरिट ओतलेलं, आणि त्यात बारीक सुया उभ्या, आडव्या, कशाही पडलेल्या. शेजारच्या बाकड्यावरून नुकत्याच उठून गेलेल्या माणसाच्या कमरेतून काढलेल्या सुया त्यानं त्याच वाटीत टाकल्या होत्या. सुलक्षणानं ते अगदी स्वच्छ पाहिलं.

तिच्या तोंडाशी प्रश्न आला होता. हा प्रश्न तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारायला शिकवला होता. पण विचारला तर तो म्हणणार, तुम्हाला कसं कळतं हो ताई यातलं? मग आत्ताच मारलेली थाप उघडी पडणार. पडद्यापलीकडे बसलेल्यांत कुणी ओळखीचं निघालं तर गावभर होणार की आशाताई मीटिंगच्या नावाखाली सुयावाल्याकडे गेली. तिनं तोंड फिरवलं आणि डोळे मिटले. सुया गेल्या. मुंगी चावल्यासारखं झालं, मग खांद्यात जड जड वाटलं, आणि उठली तेव्हा हात थोडा वर गेला. खरंच गेला. बसमध्ये तिनं दोनदा पदर स्वतःच्या हातानं नीट केला.

त्यानंतर ती आणखी काही मंगळवार गेली. वाटीकडे न बघायची तिला सवय झाली.

श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला बायका डोक्यावर चौरंग घेऊन, गाणी म्हणत नदीकडे निघाल्या, आणि वाजंत्र्यांपुढे नाचताना सुलक्षणाचे दोन्ही हात वर गेले. उजवा जरा कमी, पण गेला. तिच्या लक्षातही आलं नाही. पण मागून येणाऱ्या सुंदरबाईच्या आलं.

सुंदरबाई म्हणजे झुलाल आबांची बायको. साठीच्या पुढची, अंगानं बारीक, आणि गुडघ्यांनी बेजार. तिच्या हृदयाची झडप काही वर्षांपूर्वी नाशिकला बदललेली. रक्त पातळ करायची गोळी तिला रोज घ्यावी लागायची आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासायला जावं लागायचं. त्या तारखा लक्षात ठेवायचं काम सुलक्षणाचंच. आई गेल्यावर सुलक्षणाला आई म्हणावी अशी तीच होती.

नदीवरून परत येताना सुंदरबाईनं तिला गाठलं. "तुना हात वर कसा ग्या वं? कोनाकडे ग्यथी?"

"कोठेच नही, अक्का. व्यायाम करस मी."

"माले नको शिकाडू. तुना हात मी रोज देखस."

दोघी बांधाच्या कडेला थांबल्या. बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. सुलक्षणानं सांगितलं. कुठे, कोण, कसं. सांगताना तिला बरंही वाटलं, कारण कुणाला तरी सांगायचं होतंच. सुंदरबाई म्हणाली, "मंग मना गुडघाबी त्याले दाखाडी येस."

त्या क्षणी सुलक्षणाला गोळी आठवली. तुझी रक्ताची गोळी चालू आहे, ते त्याला आधी सांग, आणि झडपेच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नको, हे तिच्या ओठांवर आलं होतं. वाटीही आठवली. पण गोळीचं काढलं तर अक्का विचारणार, तुला त्यानं काय काय विचारलं? वाटीचं काढलं तर विचारणार, मग तू कशी गेलीस? सुलक्षणा एवढंच म्हणाली, "जा. हात चांगला शे त्याना. फक्त कोनले सांगू नको, अक्का. मनं नाव घेऊ नको."

"मी कसाले सांगू?" सुंदरबाई म्हणाली.

बहिणीला भेटून येते असं आबांना सांगून सुंदरबाई धुळ्याला गेली. परत आली तेव्हा गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना निळे डाग होते. दोन-तीन दिवसांत गुडघा सुजून तांब्याएवढा झाला. मग थंडी वाजून ताप भरला. आबांनी विचारलं तर म्हणाली, "गोठामा पाय घसरना." सुलक्षणा बघायला गेली, तेव्हा सूज पाहूनच तिला वाटी आठवली. तिनं तापाची गोळी दिली, रिक्षा बोलावली, आणि तिला दवाखान्यात भरती केलं. हे सगळं तिनं नेहमीसारखंच, भराभर केलं. फक्त रस्ताभर ती आबांकडे बघू शकली नाही.

दवाखान्यात डॉक्टरही बुचकळ्यात पडले. पडल्याचा मार असेल तर खरचटलेलं कुठे नाही. रक्त पातळ असल्यानं सांध्यात रक्त साचलं असेल, असं धरून त्यांनी पाय बांधून ठेवला. ताप काही उतरेना. दुसऱ्या दिवशी सुंदरबाई बरळायला लागली. मधेच शुद्धीवर आली, तेव्हा सुलक्षणा तिच्या कानाशी वाकली.

"अक्का, डॉक्टरले तरी सांगनं व्हतं, सुया टोचेल शे म्हनीसन."

सुंदरबाईचे ओठ कोरडे पडले होते. ती म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना, कोनले सांगू नको."

सुलक्षणा वॉर्डाबाहेर आली. जिना उतरून खाली नळापाशी गेली, तोंडावर पाणी मारलं. तिथून दवाखान्याचं फाटक दिसत होतं आणि फाटकाबाहेर गावाकडे जाणाऱ्या रिक्षा. पुढे ती कधी कधी हे स्वतःहून सांगायची, की त्या वेळी मला निघून जावंसं वाटलं. घरी जाऊन झोपावं, आणि डॉक्टरांचं त्यांना शोधू द्यावं. किती वेळ ती तिथे उभी होती, ते तिला सांगता येत नाही. मागून एक आयाबाई बादली भरायला आली आणि म्हणाली, "सरका ताई." तेव्हा ती सरकली आणि जिना चढून वर गेली.

डॉक्टरांच्या खोलीत आबाही होते. त्यांना बोलावून घेतलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन करून बघावं लागेल, असं डॉक्टर त्यांना समजावत होते. एकट्यात सांगायचं असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आता आबांसमोरच सांगावं लागणार होतं.

"सर," ती म्हणाली, "त्या पडल्या नाहीत. त्यांनी गुडघ्यात सुया टोचून घेतल्यात. ॲक्युपंक्चरच्या."

डॉक्टर तरुण होते. रागावले नाहीत. कधी, कुठे, किती खोल, असं पटापट विचारत गेले. मग म्हणाले, "सुया नवीन होत्या? बंद पाकिटातल्या?"

"नाही."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी पाहिलंय. मीही त्या सुयावाल्याकडे जात होते. एका वाटीतल्या सुया सगळ्यांना वापरतात."

"त्यांना रक्ताची गोळी चालू आहे, हे त्या माणसाला सांगितलं होतं?"

"नाही. मला माहीत होतं. मी आठवण केली नाही."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही काय करता?"

हाच प्रश्न लीलाधरनंही विचारला होता. या वेळी ती म्हणाली, "आशा आहे. त्यांच्याच गावची."

आबा हातातला टॉवेल घडी करत होते. घडी झाली, तरी पुन्हा उलगडून घडी करत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

कारण कळल्यावर उपचाराची दिशा बदलली. सुईवाटे जंतू आत गेले होते आणि साचलेल्या रक्तात पू धरला होता. गुडघा उघडून धुवावा लागला. झडपेची काळजी, रक्ताच्या गोळीची काळजी, सगळं एकदम सांभाळायचं होतं. सुंदरबाई वाचली, पण गुडघा पूर्ण वाकायचा कायमचा राहून गेला. डॉक्टरांनी सुलक्षणालाही काविळीच्या आणि एचआयव्हीच्या तपासण्या करायला लावल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा करायला सांगितल्या. गावातल्या कितीतरी गरोदर बायकांचा हात धरून ती ज्या खिडकीपुढे उभी राहिली होती, तिथे ती आता स्वतःसाठी उभी राहिली. आतला माणूस ओळखीचा होता. "आज कोणाला आणलंत, ताई?" त्यानं विचारलं. तिनं स्वतःची बाही वर केली. तपासण्या दोन्ही वेळा चांगल्या आल्या.

समाधानला तिनं सगळं सांगितलं, शुगरसकट. त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग उठून स्वयंपाकघरात गेला आणि डाळीत हात घालून गोळ्यांची पट्टी काढून आणली. "हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो." तिला वाटलं, यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत बायका जमल्या. सिस्टर आली होती, बाळांची वजनं चालू होती. सुलक्षणा नेहमी उभी राहून बोलायची, त्या दिवशी बसून बोलली. झालं ते सगळं सांगितलं, वाटी पाहूनही गप्प बसले हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आणखी कोणी गेलं असेल तर मला सांगा. तपासणी करून घेऊ. रागावणार नाही. रागवायचं तोंड मला राहिलेलं नाही."

मग मागून एक हात वर झाला, मग दुसरा. एक जण म्हणाली, "अक्कानं आम्हाला सांगितलं नव्हतं हो. पण कानबाईच्या दिवशी तुमचे हात वर गेलेले आम्हीही पाहिले, आणि एकीनं तुम्हाला धुळ्यात त्या जिन्यावरून उतरताना बघितलं होतं. आशाताई जाते म्हणजे चांगलंच असेल, असं वाटलं." त्यांच्या तपासण्याही नंतर नीट निघाल्या. पण ते वाक्य सुलक्षणाला पुष्कळ दिवस झोपू देत नव्हतं.

तिनं तालुक्याला जाऊन लीलाधरविरुद्ध स्वतःच्या नावानं तक्रार दिली. माणसं तपासायला गेली, तेव्हा खोलीला कुलूप होतं. पाटीही काढून नेलेली. पुढे त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

खांदा अजून होताच. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी मॅडम तिला म्हणाली, "ताई, ॲक्युपंक्चर वाईट नाही. तुम्ही गेलात ते ठिकाण वाईट होतं. करायचंच असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या माणसाकडे जा. आणि व्यायाम सोडू नका." जळगावच्या एका डॉक्टरबाईंचं नाव तिनं सुचवलं. सुलक्षणा कितीतरी दिवस टाळत राहिली. पुन्हा सुईपुढे बसायची भीती नव्हती. जे काही सांगावं लागेल, त्याची होती. शेवटी समाधानच एका रविवारी तिला घेऊन जळगावला गेला.

डॉ. दीपमाला यांच्याकडे आत गेल्यावर बराच वेळ सुई निघालीच नाही. नुसते प्रश्न. शुगर आहे का? किती असते? गोळ्या कोणत्या? रक्त पातळ करायचं काही घेता का? हृदयात मशीन बसवलंय का? असेल तर सुईला करंट लावत नाहीत. कधी फीट आली होती का? पाळी कधीची, दिवस गेलेले असायची शक्यता आहे का? आज काही खाल्लं का?

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "सुया टोचायच्या म्हणून उपाशी आले."

"रिकाम्या पोटी नका येत जाऊ. चक्कर येते. त्यात तुम्हाला शुगर. आधी खाली जाऊन काहीतरी खाऊन या, मी थांबते."

समाधाननं तिला इडली खायला घातली. परत आल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "याआधी कुठे घेतलं होतं?"

तेही सांगावं लागलं. वाटी, स्पिरिट, अक्का. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. स्पिरिटनं सगळे जंतू मरत नाहीत, एवढंच म्हणाल्या. मग एक पाकीट तिच्यासमोर धरलं. "बघून घ्या. बंद आहे ना? तुमच्यासमोर फोडते."

सुलक्षणाला त्या शब्दांनी कानशिलात बसल्यासारखं झालं. ती मान खाली घालून हो म्हणाली.

सुया केसासारख्या बारीक होत्या. टोचताना किंचित कळलं, मग आत दाटल्यासारखं, जड वाटलं. तसं वाटतं, पण वीज गेल्यासारखी कळ आली किंवा भाजल्यासारखं झालं तर सोसू नका, लगेच सांगा, मी सुई काढते, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं. छातीच्या आणि खांद्याच्या वरच्या भागात त्या फार जपून, उथळ टोचत होत्या. तिथे आत फुप्फुस असतं, शिकलेला हात असावा लागतो, असं म्हणाल्या. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात गेल्या. झाल्यावर त्यांनी तिला लगेच उठू दिलं नाही. थोडा वेळ बसवलं, पाणी दिलं. एखादा निळा डाग पडेल, तो जाईल, पण सूज, लाली, ताप आला तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

"खांदा बरा होईल ना?" समाधाननं विचारलं.

"खात्री देत नाही. काहींना दुखणं कमी होतं, त्यामुळे व्यायाम करता येतो. काहींना फरक पडत नाही. चार-पाच वेळा बघू. नाही पडला तर मीच थांबवा म्हणेन. आणि शुगरची गोळी माझ्यामुळे बंद करायची नाही. ती बंद करा असं जो सांगेल, त्याच्याकडून उठून यायचं."

खांदा हळूहळू सुटला. सुयांनी किती, व्यायामानं किती, गोळी वेळेवर घेतल्यानं किती, हे तिला सांगता येत नाही आणि ती सांगायचा प्रयत्नही करत नाही.

सुंदरबाईच्या गुडघ्याची जखम भरेपर्यंत सुलक्षणा रोज तिच्या घरी जायची. ती आली की झुलाल आबा उठून गोठ्यात जायचे. सुंदरबाई मात्र तिला चहा प्यायल्याशिवाय उठू देत नसे. "बोलतीन ते," ती म्हणायची. आबा बोलत नव्हते.

एकदा, जखम जवळजवळ भरत आली होती, तेव्हा ते उठले नाहीत. सुलक्षणा पट्टी बांधत होती. ते खाटेवर बसून बघत राहिले. मग म्हणाले, "तुले ती वाटी पहिलाच दिन दिसनी व्हती?"

"हाव, आबा."

"मंग बोलनी कसाले नही?"

खूप कारणं तिच्याजवळ होती. ठणका होता, हात वर गेला होता, तो माणूस गोड बोलत होता. ती म्हणाली, "माले लाज वाटनी, आबा."

"लाज," आबा म्हणाले. त्यांनी तो शब्द नुसता उच्चारला. मग टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर गेले.

त्यानंतर ते बोलायला लागले, पण कामापुरतं. रक्त तपासायची तारीख कोणती, गोळी संपली, एवढंच. पूर्वी भाजीपाला निघाला की तिच्या दारात वानोळा यायचा. तो आता सुंदरबाई पाठवते, ते पाठवत नाहीत. सुलक्षणा यापेक्षा जास्त काही मागत नाही. सुंदरबाई खुर्चीत बसून, पाय लांब करून ज्वारी निवडते, आणि कुणी पायाचं विचारलं तर अजूनही तिच्या तोंडून पहिल्यांदा गोठ्याचंच नाव येतं. मग ती सुलक्षणाकडे बघते आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागते.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत गल्लीतली नूतन तिच्याकडे आली. नूतन तोताराम नानांची नवी सून, शिकलेली, अर्धं डोकं दुखायच्या आजारानं हैराण. जळगावला सुया टोचतात त्या डॉक्टरबाई कशा आहेत, हे विचारायला आली होती. सुलक्षणानं तिला ओट्यावर बसवलं आणि जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. आधी डोक्याच्या डॉक्टरांना दाखव. खाऊन जा, सैल कपडे घाल. पाकीट फोडताना बघ, आणि बघितलं नसेल तर विचार, विचारायला लाजू नको. काय काय चालू आहे ते सगळं सांग.

नूतन पदराशी चाळा करत होती. "बठ्ठंच सांगनं पडस का?"

"बठ्ठं."

तिनं आत वळून पाहिलं, कुणी ऐकत नाही ना ते. मग हळूच म्हणाली, "माले दिवस जायेल शेत. घरमा आजून कोनले मालूम नही."

पूर्वीची आशाताई असती तर तिनं आधी आनंदानं ओरडून गल्ली गोळा केली असती, आणि मग इतके दिवस सांगितलं का नाही म्हणून झापलं असतं. सुलक्षणा तिच्याजवळ सरकून बसली. घरी कधी सांगायचं ते तुझं तू बघ, ती म्हणाली. पण डॉक्टरबाईंना खोलीत शिरल्या शिरल्या पहिलं हेच सांगायचं. पोटुशी बाईला काही ठिकाणी टोचत नाहीत. डोकेदुखीची गोळीसुद्धा आता विचारून घ्यायची.

"तू ये ना मनासंगे," नूतन म्हणाली. "माले सांगाले लाज वाटी."

"येस," सुलक्षणा म्हणाली. "पण सांगशील तूच."

रविवारच्या पारोळा-जळगाव बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. एरंडोल गेल्यावर नूतनला मळमळलं. सुलक्षणानं खिडकी उघडून दिली, पिशवीतली गुळाची दशमी काढून तिच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "खाऊन घे थोडं. रिकामं पोट नको."